बार न काढता धरलेली पाखरे

(विचुंबे येथे ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी आम्हांस बोलावणे धाडले तेव्हा विषय आमचा आम्हीच निवडावा, असे सौजन्यपूर्वक कळविले होते. निवृत्त शिक्षक उभा राहिला म्हणजे तो शिक्षणाचे महत्त्व, व्यसनांचे दुष्परिणाम आणि हळदीच्या समारंभातील खर्च या तिहींपैकी एकावर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. त्या तिन्ही विषयांवर आम्ही यापूर्वी बोललो आहोत आणि हळदीचा खर्च तसूभरही कमी झालेला नाही. म्हणून आज आम्ही कुत्री आणि पाखरे हा विषय घेतला आहे. काही ज्येष्ठांच्या मुखावर स्मित उमटलेले आम्हांस दिसते. परंतु या विषयास कारण घडले आहे, आणि ते कारण याच मांडवात बसलेले आहे.

आपल्या तरुण मंडळींनी कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवली आहे. पुढील जत्रेत पाळीव कुत्र्यांकडून जिवंत लावे धरवण्याची शर्यत व्हावी, ज्याचा कुत्रा अधिक लावे जिवंत आणील त्यास ढाल द्यावी, अशी ती सूचना. तिचा विचार आज सायंकाळी व्हायचा आहे. मुलांनी आमच्याशी बोलताना जो युक्तिवाद केला तो आम्ही त्यांच्याच शब्दांत सांगतो: "गुरुजी, ह्यात बंदूक नाही, बार नाही, रक्त नाही. पाखरू जिवंत हाती येते, नंतर सोडून देऊ. शिवाय हे आपल्याच वाडवडिलांचे आहे. मग हरकत कोणती?" हा प्रश्न खोडसाळ नाही. त्यास 'मुलांनो, असे करू नये' एवढेच उत्तर देणे म्हणजे वर्गात उत्तर येत नसलेल्या शिक्षकाने छडी उगारण्यासारखे आहे. तेव्हा प्रश्नाचा विचार मुळापासून करू.

वाडवडिलांचे आहे, हे खरे आहे. आमचा जन्म 1959 चा. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. 1975 साली ती परीक्षा दिली तोवरचा आमचा सारा काळ गाढी नदीच्या दोन्ही तीरांवरील खाचरांत गेला. आज जेथे नवीन पनवेलच्या इमारती उभ्या आहेत तेथे तेव्हा भात होते, भात संपले की वाल होते आणि खाडीच्या अंगाला खारफुटी होती. दसरा उलटला की कापणी सुरू होई. कापणीस माणसे चारी बांधांकडून आत सरकत जात आणि उभे पीक मध्यभागी आक्रसत जाई. शेतात दाणे टिपणारे लावे कापणाऱ्यांच्या चाहुलीने उडत नसत. ते उभ्या पिकाच्या आडोशाने आत आत सरकत. सकाळी बिघाभर पसरलेली पाखरे दुपारी खळ्याएवढ्या तुकड्यात गोळा होत. त्या शेवटच्या तुकड्यापाशी गावची कुत्री येऊन बसत. त्यांस कोणी बोलावलेले नसे. विळ्याचा आवाज जवळ येतो आणि पीक अरुंद होते याचा अर्थ त्यांस ठाऊक होता.

मग काय होई ते ज्यांनी पाहिले आहे त्यांस सांगावयास नको, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांस नुसत्या शब्दांनी कळणे कठीण. लावा उडतो तेव्हा पायाखाली फटाका फुटावा तसा फर्र आवाज होतो. नवखे कुत्रे त्या आवाजानेच दचकते आणि उडालेल्या पाखरामागे भुंकत धावत सुटते. त्याला काहीही मिळत नाही. जाणते कुत्रे उडालेल्या पाखराकडे ढुंकूनही पाहत नाही. ते पाखरू कोठे उतरले एवढे ध्यानात ठेवते, वाऱ्याला नाक देते, आणि बांधाच्या कडेने पोट जमिनीला लावून जाते. पहिल्या उड्डाणास लावा शंभर-दीडशे पावले जाई, दुसऱ्यास त्याच्या निम्मे, तिसऱ्यास बांधापलीकडे जेमतेम पडे. चौथ्यास तो उडतच नसे. गवतात डोके घालून बसे, आणि कुत्रा त्यास तोंडात उचलून घेई.

येथे 'उचलून घेई' हे शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरीत आहोत. चांगल्या कुत्र्याच्या तोंडातून आलेल्या पाखराचे पीसही मोडलेले नसे. आमच्या आळीतील एक वृद्ध गृहस्थ, ज्यांस आम्ही सारी मुले तात्या म्हणत असू, ते म्हणत, "कुतऱ्याला दात हाय, पन लावाचा कवा तं त्याला ठावं पायजे." त्यांच्या कुत्र्याने आणलेला लावा हातात घेतला की त्याची छाती आपल्या तळहातावर धडधडत असे. पाखरू थुंकीने ओले झालेले असे, एवढेच. पुढे त्याचे काय होई, हे भगिनीवर्गास विचारावे.

आपण आगरी लोक शिकारी नव्हेत. आपला धंदा भाताचा, मिठाचा आणि मासळीचा. ही कला आपण कोणापासून शिकलो, तर आपल्या शेजारच्या कातकरी बांधवांकडून, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतून ती माणसे कापणीस येत, त्यांच्या मागोमाग त्यांची कृश, तांबडी कुत्री येत. आपल्या कुत्र्यांनी त्यांच्या कुत्र्यांचे पाहून शिकावे आणि आपल्या पोरांनी त्यांच्या पोरांचे पाहून, असा तो क्रम होता. रानकोंबडी, सकोत्री ही डोंगरातली पाखरे तर त्यांच्याखेरीज कोणास दिसतही नसत. 'आपल्या वाडवडिलांचे' असे म्हणताना निम्मा वाटा तिकडे द्यावा लागेल.

आता लावा चौथ्या खेपेस उडत का नाही? वर्गात हा प्रश्न आम्ही पुष्कळ वर्षे विचारला आणि त्याचे उत्तर मुलांस स्वयंपाकघरात शोधावयास लावले. कोंबडी कापली की तिच्या छातीचे मांस पांढरे असते आणि तंगडीचे तांबूस. कबुतराच्या किंवा बदकाच्या छातीचे मांस गडद तांबडे असते. तांबड्या स्नायूस रक्ताचा व प्राणवायूचा पुरवठा सतत असतो, म्हणून तो तासन्‌तास काम करतो. पांढरा स्नायू आपल्यातच साठविलेल्या शर्करेवर एकदम झटका देतो आणि ती शिदोरी संपली की थकतो. त्यात आम्ल साचते, आणि विश्रांतीखेरीज तो पुन्हा चालत नाही. कोंबडीच्या कुळातील पाखरे, म्हणजे तित्तर, रानकोंबडी, सकोत्री, ही पायांनी जगणारी. त्यांचे उड्डाण म्हणजे संकटातून एकदा उसळण्यापुरते. लांबचे स्थलांतर करणारे लावे याला काहीसे अपवाद आहेत, परंतु दाण्यांनी पोट भरलेला, आपल्या शेतात मुक्कामास असलेला लावाही या नियमास फार सोडून नाही. आपल्या पूर्वजांनी या पाखरांस 'विष्किर' म्हटले, म्हणजे पायांनी माती विस्कटून खाणारी. आयुर्वेदाच्या ग्रंथांत लाव व तित्तिर या वर्गात मांडलेले आहेत. नावातच त्यांची सारी ताकद पायांत आहे, हे सांगून ठेवले आहे.

पाणकोंबडीची गोष्ट निराळी. तिच्या कुळातील बऱ्याच पाखरांची उडण्याची पिसे एकाच वेळी गळतात आणि नवी येईपर्यंत ती भूचर होऊन राहतात. तेवढ्या दिवसांत लव्हाळ्यात शिरलेल्या कुत्र्यापुढे तिचा काय पाड! आणि एक पाखरू असे आहे की ते दिसते हुबेहूब लाव्यासारखे, परंतु त्याच्या पायास तीनच बोटे असतात. त्यात मादी रंगाने उठावदार, तीच हाकारे घालते, तीच दुसऱ्या माद्यांशी भांडते, आणि अंडी घालून निघून जाते. अंडी उबविणे व पिले सांभाळणे हे नराकडे. त्याच्या घरट्याजवळ कुत्रा आला की हा बापडा बाप पंख मोडल्याचे सोंग करीत कुत्र्यापुढून लंगडत जातो. भगिनीवर्गाने हसू नये, आम्ही कोणास उद्देशून बोललो नाही.

जिवंत पाखरू कुत्र्यापुढे थकवून धरावे, ही युक्ती केवळ आपल्या गाढीकाठची नाही. ख्रिस्तपूर्व 401 साली झेनोफन नावाचा ग्रीक सेनानी फरात नदीच्या काठाने पायदळाबरोबर चालला होता. त्याने लिहून ठेवले आहे की तेथील माळढोकासारखे मोठे पाखरू घाईने उठविले तर सहज हाती लागते, कारण ते तित्तराप्रमाणे थोडेच उडते व लवकर थकते. इंग्लंडात 1570 साली डॉक्टर जॉन कीझ यांनी लॅटिनमध्ये कुत्र्यांच्या जातींवर एक पुस्तक रचले. त्यात अशा कुत्र्याचे वर्णन आहे की जो तित्तराचा वास येताच पुढे न जाता जमिनीस चिकटून बसतो. मग धनी जाळे ओढीत येतो आणि कुत्र्यावरून जाळे पलीकडे टाकून बसलेल्या पाखरांस झाकतो. पुढे बंदुका सुधारल्या तेव्हा त्याच वंशातील कुत्रे बंदुकीपुढे बसू लागले. म्हणजे कुत्र्याची ही विद्या बंदुकीहून जुनी आहे. हॉलंड देशात तर बदके धरावयास कुत्रे धावतही नाही. तळ्यापासून एक वाकडा चर खणतात, त्यावर जाळे ताणतात, कडेला बोरूचे आडोसे उभे करतात. तांबड्या-पांढऱ्या रंगाचा, झुपकेदार शेपटीचा एक लहान कुत्रा त्या आडोशांतून एकदा दिसतो, एकदा लपतो. हा प्राणी आहे तरी काय, या कुतूहलाने बदके त्याच्या मागोमाग चरात शिरतात. तेथील उरलेल्या काही तळ्यांवर हल्ली बदके मारण्याऐवजी पायात कडी घालून सोडण्यासाठी धरतात.

आपल्याकडेही राजेलोकांनी हा छंद केला. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या विनोदांची, म्हणजे करमणुकींची, प्रकरणे आहेत. लाव्यांच्या झुंजीचे प्रकरण निराळे, कुत्र्यांचे सारमेयविनोद निराळे, ससाण्याचे श्येनविनोद निराळे. सातारकर शाहू महाराजांस कुत्र्यांचे व शिकारीचे वेड होते, आणि त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचे स्मारक संगम माहुलीस आजही पाहावयास मिळते. ज्या मुलांनी हल्ली कारवान व मुधोळ जातीचे कुत्रे मोठी रक्कम मोजून आणले आहेत, त्यांस येथे थोडे सांगणे अवश्य आहे. ते कुत्रे नाकाने नव्हे, नजरेने धावणारे. उघड्या माळावर सशामागे वाऱ्यासारखे जातात. मुधोळच्या राजेसाहेबांनी तशी जोडी इंग्लंडच्या बादशहास नजर केली होती. परंतु भाताच्या खाचरात दडलेला लावा त्यांस दिसणार कसा? त्या कामास आपला तांबडा गावठी कुत्रा बरा, जो आज हॉटेलाबाहेर निजलेला असतो.

आता ज्या गृहस्थाची हकीकत सांगण्यासाठी आम्ही हा सारा प्रपंच मांडला, त्याकडे वळतो. न्यूझीलंड देशाच्या दक्षिण टोकाला डस्की साउंड नावाचे खाडीने कोरलेले निर्जन रान आहे. तेथे काकापो नावाचा एक पोपट राहतो. तो हिरवा, लठ्ठ, रात्री हिंडणारा आणि मुळीच न उडणारा असा आहे. किवी हा दुसरा बिनउडत्या जातीचा पक्षी. त्या देशात वटवाघळांखेरीज मूळचा जमिनीवर राहणारा सस्तन प्राणीच नव्हता. त्यामुळे या पाखरांस शत्रू आला तर स्तब्ध बसावे, एवढेच ठाऊक. गोऱ्या वसाहतवाल्यांनी तेथे ससे नेले, ससे अनावर झाले तेव्हा सशांवर सोडण्यासाठी मुंगसासारखे स्टोट नावाचे जनावर नेले, आणि त्या जनावराने सशांऐवजी पाखरांची अंडी खाण्यास आरंभ केला. तेव्हा सरकारने 1891 साली रेझोल्यूशन नावाचे मोठे बेट पाखरांसाठी राखले आणि 1894 साली त्यावर रिचर्ड हेन्री नावाचा रखवालदार नेमला.

या हेन्रीपाशी एक कुत्रा होता. त्याच्या तोंडास मुसके आणि गळ्यात घंटा. मुसके अशासाठी की पाखरास दात लागू नये, आणि घंटा अशासाठी की गर्द रानात कुत्रे कोठे थांबले ते धन्यास कळावे. घंटा वाजेनाशी झाली की हेन्री तिकडे धावे. कुत्रे पाखरापुढे थांबलेले असे, पाखरू बिळाच्या तोंडाशी थिजलेले असे. तो ते उचलून पिंजऱ्यात घाली, होडी वल्हवीत बेटावर नेई आणि सोडून देई. पाऊस तेथे आपल्या माथेरानला लाजवील असा. अशा पावसात, कधी एकट्याने तर कधी एका मदतनिसासह, त्याने सहा वर्षांत पाचशेहून अधिक काकापो व किवी बेटावर नेले. एकही बार निघाला नाही.

1900 साली बेटाच्या किनाऱ्यावर स्टोट दिसले. ते मुख्य भूमीवरून पोहत आले होते. सहा वर्षांचे काम त्या जनावरापुढे टिकणार नव्हते, हे हेन्रीस तेव्हाच कळले. आज काकापो मोजक्या शेकड्यांत उरले आहेत, आणि त्यांस शोधावयास व किवींची गणना करावयास तो देश अजूनही मुसके घातलेले कुत्रे वापरतो. मुलांनो, तुम्ही म्हणता तशी शर्यत जगात कोणी खरोखर लावली असेल, तर ती या हेन्रीने. तुम्ही पाखरू धरून त्याच जागी सोडणार, आणि भोवती चारशे माणसे ओरडत उभी राहणार. त्याने ते पाखरू जेथे ते जगेल तेथे सोडले. बंदूक दोन्हीकडे नाही. म्हणून बार निघाला की नाही, या प्रश्नाने या दोहोंतील अंतर कळत नाही.

आपल्या देशातही जिवंत पाखरू धरण्याची विद्या सत्कारणी लागली आहे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने पाखरांच्या पायांत कडी घालून त्यांचे प्रवास शोधण्याचे काम हाती घेतले, तेव्हा डॉक्टर सालिम अलींनी बिहारमधील परंपरागत पारध्यांस, मीरशिकारांस, बोलावून घेतले. ज्यांचे वाडवडील बाजारासाठी पाखरे धरीत, ते विज्ञानासाठी धरू लागले. हे सालिम अली आपल्या जिल्ह्यास परके नव्हेत. 1930 साली अलिबागजवळ किहीम येथे राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, तो जगभर वाखाणला गेला. तिकडे वऱ्हाडात, वाशिम-अकोल्याकडे, फासेपारधी समाजातील माणसे दुर्मीळ तणमोर राखण्याच्या कामास लागली आहेत. त्यांच्या आजांनी तणमोर कोठे नाचतो हे फासे लावण्यासाठी शोधले होते. तीच माहिती आता उपयोगी पडते.

राहिला कायदा. त्यावर आम्ही फार वेळ घेणार नाही, परंतु मुलांस तो पूर्ण ठाऊक नाही असे दिसले. मुंबई राज्यात 1951 साली वन्य पशुपक्ष्यांचा कायदा झाला, 1972 साली साऱ्या देशास लागू असा वन्यजीव संरक्षण अधिनियम आला, आणि 1991 च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद झाली. या अधिनियमात 'शिकार' शब्दाची जी व्याख्या आहे तीत मारणे आहेच, परंतु पकडणे, पाठलाग करून धरणे, फासे लावणे, हाकणे, आमिष दाखविणे, आणि यांतील कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे आहे. म्हणजे कुत्रा मागे सोडला आणि पाखरू सुटून गेले, तरी कायद्याच्या दृष्टीने शिकार झाली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अभयारण्याच्या हद्दीत घडले तर कमीत कमी तीन वर्षे व जास्तीत जास्त सात. कर्नाळ्याचे अभयारण्य 1968 पासून आहे आणि येथून मोटारसायकलीने किती दूर आहे ते मुलांस आमच्यापेक्षा अधिक माहीत आहे. ज्या मुलावर असा खटला उभा राहील त्याच्या सरकारी नोकरीच्या अर्जाचे काय होईल, याचा विचार त्याच्या आईबापांनी करावा.

"गुरुजी, बैलगाडा शर्यत तर सुरू झाली," असे एकाने आम्हांस ऐकविले. खरे आहे. 2014 साली ती बंद झाली, 2017 साली आपल्या राज्याने कायद्यात दुरुस्ती केली आणि 2023 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. आम्हांसही आनंद झाला. परंतु बैल आपल्या दावणीचा आहे. त्यास आपण जन्मापासून चारतो, त्याचे नाव ठेवतो, पोळ्यास त्याच्या शिंगांस रंग देतो. लावा कोणाच्या दावणीचा? दुसरा म्हणाला, "मग दुकानात मिळतो तो जपानी लावा आणू. तो पाळीव आहे." पिंजऱ्यात जन्मलेल्या, कधी न उडालेल्या पाखरास मैदानात टाकून त्यावर कुत्रे सोडणे यात कुत्र्याचे कौशल्य ते काय? आणि करमणुकीसाठी एका जनावरास दुसऱ्यावर सोडणे, हा 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहेच.

आणखी एक गोष्ट, जी बोलण्यास थोडी कडू आहे. शर्यतीस तीस-चाळीस रानलावे लागतील. ते गाढीच्या काठी मिळणार नाहीत. 1970 साली सिडको आली, पाठोपाठ शेते गेली. 1984 च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात आपली माणसे गोळीबारात पडली. त्यानंतर साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले, 2013 पासून नैनाचे आराखडे चालू आहेत. जेथे भात नाही तेथे भाताच्या कडेचा लावा कोठून असणार? तो मग कोणाकडून तरी विकत आणावा लागेल, आणि तो आणून देणारा बहुधा वाडीवरचा कातकरीच असेल. पैसे आपण देऊ, ढाल आपण घेऊ, आणि वनखात्याची माणसे आली तर जाळ्यासकट सापडेल तो. आपल्या जमिनी गेल्या तेव्हा आपल्यासाठी बोलणारे दि. बा. पाटील होते. त्याच्यासाठी बोलणारा कोण, हे कार्यकारिणीने सायंकाळी एकदा आपापसांत विचारावे.

नदीकाठी अजून काही पाखरे आहेत. रोज पहाटे फिरावयास जाताना आम्ही ती पाहतो. पाणकोंबड्या आहेत, टिटव्या आहेत, पावसाळ्यापूर्वी एखाद्या पडीक तुकड्यातून लाव्याचा आवाज अद्याप येतो. त्यांस बंदुकीची भीती राहिलेली नाही. त्यांस भीती आहे ती इमारतींच्या कचऱ्यावर वाढलेल्या बेवारशी कुत्र्यांच्या टोळ्यांची. ही कुत्री भुकेने धरीत नाहीत, खेळ म्हणून धरतात, आणि त्यांस तात्यांसारखा कोणी दात केव्हा लावू नये हे शिकविलेले नाही. टिटवीची अंडी तर उघड्या जमिनीवरच असतात. माळढोकाचा ऱ्हास होण्याच्या अनेक कारणांत मोकाट कुत्री हे एक मानले जाते. सोलापूरकडे नान्नजला त्यासाठी 1979 साली अभयारण्य झाले, आणि आज तेथे एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

तेव्हा आमची सूचना अशी. शर्यत रद्द करू नये, तिच्यातील पाखरू तेवढे काढावे. कुत्र्याची जी खरी विद्या, म्हणजे नाकाने शोधणे आणि दात न लावता आणणे, ती कसास लावण्यास लाव्याची गरज नाही. कोंबडीचे कच्चे अंडे गवतात दडवून ठेवावे. कुत्र्याने ते वासाने शोधावे, तोंडात धरावे, शंभर पावले चालत आणून धन्याच्या हातावर ठेवावे. तडा गेला तर बाद. परदेशांत बदके उचलून आणणाऱ्या कुत्र्यांस असेच अंड्यावर शिकवितात. हे दिसते तितके सोपे नाही. महिनाभर रोज घासल्याखेरीज कुत्रे अंडे खाल्ल्याशिवाय राहणार नाही, आणि तो महिना कुत्रे मोकाट न हिंडता धन्यापाशी राहील, हा आमचा आतला हेतू आहे. तो आम्ही उघड सांगून टाकतो.

नियम थोडक्यात असे ठेवावेत. कुत्र्यास रेबीजची लस टोचल्याचा दाखला हवा. जात कोणतीही चालेल, कारवानास व गावठ्यास अट एकच. वाडीवरील कातकरी बांधवांस रीतसर बोलावणे धाडावे आणि त्यांच्याकडून प्रवेशशुल्क घेऊ नये. ढाल त्यांनी नेली तर कोणी कुरकुर करू नये, आणि आमचा अंदाज विचाराल तर तेच नेतील. राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह म्हणून पाळतात. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस त्या आठवड्याच्या आरंभी येतो आणि सालिम अलींचा शेवटी. त्या आठवड्यात कुत्री घरी बांधून मुलांनी पहाटे सहा वाजता गाढीच्या पुलावर यावे. पाखरांची मोजदाद कशी करावयाची ते आम्ही दाखवू, आणि एक दुर्बीण आमच्यापाशी आहे.

अंडी शाळेमागच्या कोंबड्यांच्या खुराड्यातून मिळण्यासारखी आहेत, आम्ही बोलून ठेवले आहे. ती आयोजकांनीच आणावीत. कोणी घरून अंडे आणले तर ते कच्चे आहे की उकडलेले, हे पंचांनी आधी फिरवून पाहावे. उकडलेले अंडे भोवऱ्यासारखे फिरते, कच्चे फिरत नाही.